किंवा

समितीची खोली पहिल्या मजल्यावर, खाली थेम्स,
भिंतीला एकच लाल-सोनेरी वेल
चारशे वेळा उमटलेला.
मी कोपऱ्यातल्या टेबलाशी. माझं काम उतरवून घेण्याचं.
कुणी खोकलं तर सोडायचं, अडखळलं तर सावरायचं,
एकच गोष्ट दोनदा बोलले तर एकदा लिहायची.
नोंदीवर आमची नावं नसतात.

आज कलम चौदा.
जो कोणी नोंदणीकृत रचनेची जाणूनबुजून
किंवा व्यापारी प्रमाणावर नक्कल करील
त्याला दहा वर्षांपर्यंत.

वॉल्सॉलहून मिस्टर टिपेट आलेत.
तीन पिढ्या खोगिराच्या बकला बनवतात.
त्यांची बकल कुठल्याशा गोदामातून साठ हजारांनी निघाली,
वजनाला हलकी, किमतीला निम्मी.
टिपेटनी चार माणसं घरी बसवली, त्यात एक मेहुणा.
सभासदांनी विचारलं, दहा वर्षं पुरेत ना?
म्हातारा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला, बराच वेळ.
हे मी लिहिलं नाही. गप्प बसणं आम्ही लिहीत नाही.
मग म्हणाला, "मला कुणी आत जायला नकोय, साहेब.
माझं गिऱ्हाईक परत हवंय."
मंत्रीबाईंनी आभार मानले.

नंतर पेकहॅमच्या हायसिंथ बेली.
पर्समधून त्यांनी एक करडी क्लिप काढली,
अंगठ्याच्या पेराएवढी.
व्हीलचेअरचं पायटेकण हिच्यावर अडकतं.
कंपनीनं ही बनवणं सोडलं, नवी खुर्ची घ्या म्हणते.
बाई वाचनालयातल्या यंत्रावर एकेक काढून देतात,
आजवर एकतीस. पैसे घेत नाहीत,
एकानं आल्याचा केक आणला होता, तेवढाच.
"रचना नोंदलेली आहे, ठाऊक होतं?"
"होतं की. मागं नंबरच आहे.
तोसुद्धा छापला जातो."

एक सभासद, पूर्वीचा वकील, चश्मा कपाळावर सरकवून उठला.
'किंवा' म्हटलं की दोन दारं, म्हणाला,
कुठल्याही एकातून माणूस आत.
'आणि' म्हणा, म्हणजे दार एकच, त्याला कुलपं दोन.
मंत्रीबाई म्हणाल्या, हेतू तसा मुळीच नाही,
खटला भरणारे तारतम्य बाळगतील.
ते तारतम्य कुठल्या पोटकलमात आहे,
असं विचारायला कुणीतरी हात वर केला
आणि मतदानाची घंटा झाली. दुसऱ्याच कशासाठी तरी.
सगळे धावत गेले. मी आणि वेल उरलो.

संगमनेरला मुळ्ये बाई माझ्या मुठीवर मूठ ठेवत.
त्यांचा ळ मी पाटीवर गिरवायचे,
जाणूनबुजून, आणि रोज,
पेन्सिलीचा पार खुटका होईपर्यंत.
एके दिवशी त्यांनी हात काढून घेतला
तर ळ माझा झालेला,
जरासा डावीकडे कललेला.
अजून तसाच कलतो.

माझी दहा मिनिटं संपली, मॉरवेना आली,
पुढचं मला गुरुवारी कळलं, मुद्रित तपासताना.
सुधारणा मागे घेण्यास अनुमती असावी. अनुमती.
पानावर 'किंवा' जागच्या जागी बसलेला.
कर्सर त्याच्या पायाशी लुकलुकत होता.
दोन अक्षरं खोडायची, दोन लिहायची,
कोण बघतंय?
मी खालच्या ओळीतला एक स्वल्पविराम दुरुस्त केला
आणि पान पुढे धाडलं.

क्लिप टेबलाखाली राहिली होती.
हरवल्या वस्तूंच्या खिडकीवर फॉर्म भरावा लागतो.
वस्तू: प्लॅस्टिक, करडी, एक.
कुठे सापडली: समिती कक्ष.
मालक:
तिथे पेन थांबलं. मागे रांग होती,
पहारेकरी डेरेक घड्याळाकडे बघत होता.
मी क्लिप उलटी केली
आणि मागचा नंबर उतरवला,
आकडा न आकडा, जसाच्या तसा.